नोकरीवर परतताना रात्रीचे पाजणे बंद करावे का?

तुमची परिस्थिती आधी थोडक्यात मांडते, म्हणजे हे उत्तर कशाला दिले आहे ते इतर आयांनाही कळेल. बाळ पाच महिन्यांचे आहे, आजवर फक्त अंगावरच्या दुधावर वाढले आहे, वजन व्यवस्थित भरते आहे आणि लघवीही भरपूर होते. तीन आठवड्यांनी तुमची रजा संपते. ठाण्याहून सकाळी सव्वाआठला निघालात की घरी परतायला सात वाजतील. चौथा महिना संपल्यापासून बाळ रात्री चार-पाच वेळा उठते आणि दर वेळी पाजल्याशिवाय झोपत नाही. पाजून झाल्यावर पंप लावला तर जेमतेम ४० मिली दूध निघते. त्यावरून सासूबाईंनी काढलेला निष्कर्ष असा, की दूध पुरत नाही म्हणून पोर उठते. तेव्हा आतापासूनच रात्री वरचे दूध द्यावे आणि पाजण्याची सवय मोडावी, म्हणजे तुम्हालाही झोप मिळेल आणि नोकरीही निभेल. हे करावे का, असा तुमचा प्रश्न आहे.

माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. गेली वीस वर्षे मी स्तनपान सल्लागार म्हणून काम करते आणि नोकरदार आयांचे दूध आटताना मी पाहिले आहे ते बहुतेक वेळा नोकरीमुळे नव्हे, तर नोकरीच्या धास्तीने रुजू होण्याआधीच घेतलेल्या याच निर्णयामुळे. तुम्ही कामावर जाऊ लागलात की तुमचे दूध टिकवून धरणारी सर्वांत मोठी गोष्ट रात्रीचे पाजणे हीच असणार आहे. बदल करायचा तो दिवसाच्या व्यवस्थेत आणि रात्रीच्या कामाच्या वाटणीत करायचा आहे.

त्यामागचे कारण समजून घेतले तर घरात समजावणे सोपे जाते. दूध तयार करण्याचा संदेश देणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक दिवसापेक्षा रात्री अधिक प्रमाणात असते. दुसरे म्हणजे स्तनाचा स्वतःचा हिशेब असतो: रिकामा झालेला स्तन भराभर दूध बनवतो आणि भरलेला स्तन वेग कमी करतो. दिवसा तुम्ही पावणेअकरा तास बाळापासून दूर राहणार आणि त्या वेळात पंपाने स्तन बाळाइतके पूर्ण रिकामे होणार नाहीत. त्यात रात्रीचे सात-आठ तासही पाजणे थांबवले, तर चोवीस तासांपैकी अठरा तास शरीराला मागणी कमी झाल्याचाच निरोप मिळत राहतो. दोन-तीन आठवड्यांत दूध खरोखरच कमी होते आणि मग घरातले म्हणतात, ‘बघा, आम्ही म्हणत होतो ना, हिला दूधच कमी.’ कारण आणि परिणाम यांची अशी उलटापालट मी इतक्या घरांत पाहिली आहे, की आता मी रजा संपण्याच्या आधीच्या महिन्यात आईबरोबर आजीलाही भेटीला बोलावते.

आता त्या ४० मिलीविषयी. तुम्ही लिहिले आहे की पाजून झाल्यावर पंप लावता. म्हणजे बाळाचे पोट भरल्यानंतर जे उरले ते ४० मिली आहे. हे कमी नाही, चांगले आहे. पंपातून किती निघते हे तुमच्याकडे किती दूध आहे याचे माप नव्हे. बाळाच्या ओढण्याने पान्हा जसा फुटतो तसा तो प्लॅस्टिकच्या यंत्राने फुटतोच असे नाही, आणि पंपाच्या तोंडाशी असलेले नरसाळे स्तनाग्राच्या मानाने मोठे किंवा लहान असेल तर चांगला पंपही निकामी ठरतो. दूध पुरते की नाही याचे खरे पुरावे दुसरे आहेत: वजनाचा आलेख चढता आहे का आणि चोवीस तासांत निदान सहा वेळा भरपूर, फिकट रंगाची लघवी होते का. ही दोन्ही उत्तरे तुमच्या बाबतीत ‘होय’ अशी आहेत.

मग बाळ का उठते? चौथ्या महिन्याच्या आसपास झोपेची घडणच बदलते. नवजात बाळाच्या झोपेच्या हलकी आणि गाढ अशा दोनच अवस्था असतात, पण या वयात मोठ्यांसारखी अनेक टप्प्यांच्या झोपेची आवर्तने सुरू होतात. बाळाचे एक आवर्तन साधारण पन्नास ते साठ मिनिटांचे असते आणि प्रत्येकाच्या शेवटी ते थोडे जागे होते. आपणही रात्री असे जागे होतो, कूस बदलतो आणि सकाळी आठवतही नाही. बाळाला ते अजून जमत नाही, म्हणून ते ज्या रीतीने झोपी गेले ती रीत पुन्हा मागते. त्यातच कुशीवर वळणे, पालथे पडणे सुरू झालेले असते, आणि दिवसा आजूबाजूला पाहण्याच्या नादात बाळ अर्धवट पिते व राहिलेले रात्री भरून काढते. यातले काहीही दूध कमी असल्याचे लक्षण नाही. पावडरचे दूध पिणारी बाळेही या वयात उठतात.

दिवसाचा हिशेब भीती वाटते तितका मोठा नाही. फक्त आईच्या दुधावर असलेले बाळ पहिल्या ते सहाव्या महिन्यात दिवसाला सरासरी ७५० ते ८०० मिलीच्या घरात दूध पिते, म्हणजे तासाला सुमारे ३० मिली. गंमत अशी की बाळ वाढले तरी या काळात हा आकडा फारसा वाढत नाही. निघताना आठ वाजता आणि आल्यावर सात वाजता अंगावर पाजले, तर मधल्या वेळेसाठी तुम्हाला साधारण ३२० ते ३३० मिली दूध लागेल. त्याचे ८० ते ९० मिलीचे चार भाग करावेत. एकदम १५० मिली भरून ठेवू नये, कारण भांड्यात उरलेले उष्टे दूध दोन तासांनंतर टाकून द्यावे लागते, आणि आपण कष्टाने काढलेले दूध मोरीत जाताना पाहणे कोणत्याही आईला सोसत नाही. फ्रीझरमध्ये पिशव्यांचे डोंगर रचलेल्या छायाचित्रांकडे लक्ष देऊ नका. पहिल्या दिवसाचे ३३० मिली आणि वर एका दिवसाची शिल्लक एवढे पुरे, कारण पुढे आज कार्यालयात काढलेले दूध उद्या बाळ पिणार आहे. ही शिल्लक सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर रोज एकदा दूध काढून जमते. त्या वेळी दूध सर्वांत जास्त असते.

पंप नसेल, बंद पडला किंवा त्याने दुखत असेल, तर हाताने दूध काढण्याची कला आलीच पाहिजे. हात स्वच्छ धुवून स्तन हलक्या हाताने चोळावा. अंगठा वर आणि पहिली दोन बोटे खाली, स्तनाग्रापासून साधारण सव्वा ते दीड इंच मागे ठेवावीत. आधी बोटे छातीच्या दिशेने आत दाबावीत आणि मग एकमेकांकडे आणावीत, पण कातडीवरून घसरू देऊ नयेत. स्तनाग्र ओढल्याने दूध येत नाही, फक्त इजा होते. पहिले मिनिटभर थेंब येतात, मग पान्हा फुटतो आणि धारा लागतात. बाळाचे झबले जवळ असणे किंवा त्याचा व्हिडिओ पाहणे याने पान्हा लवकर फुटतो, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिले आहे.

साठवणीबाबत पाश्चात्त्य पुस्तकांत फ्रिजमध्ये चार दिवस असे सांगितलेले आढळते. आपल्याकडे वीज जाते, फ्रिजचे दार दिवसातून पन्नास वेळा उघडते, म्हणून मी अधिक सावध नियम सांगते: बाहेर चार तास, आणि मे महिन्याच्या उकाड्यात त्याहूनही कमी; फ्रिजमध्ये दारात नव्हे तर आतल्या बाजूला चोवीस तास; एकाच दाराच्या फ्रिजमधील बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे; वेगळे दार असलेल्या फ्रीझरमध्ये तीन महिने. गोठवलेले दूध एकदा वितळले की फ्रिजमध्ये चोवीस तासांत संपवावे, पुन्हा गोठवू नये. प्रत्येक डबीवर तारीख आणि वेळ लिहावी. शुक्रवारी काढलेले दूध सरळ फ्रीझरमध्ये टाकावे आणि सोमवारसाठी ते रविवारी रात्री खाली फ्रिजमध्ये काढून ठेवावे, कारण शनिवार-रविवार तुम्ही घरी असाल तेव्हा बाळ अंगावरच पिणार.

येथे घरातील वडीलधाऱ्यांना एक गोष्ट प्रत्यक्ष दाखवून ठेवावी लागते. डोंबिवलीच्या एका घरात मी गेले तेव्हा सून रडत होती आणि सासूबाई गोंधळून उभ्या होत्या. फ्रिजमधल्या दुधावर साय वेगळी होऊन वर आली होती आणि खालचे दूध निळसर, पातळ दिसत होते. सासूबाईंनी ते नासले असे समजून एक डबी ओतून दिली होती आणि दुसरी, पिशवीचे दूध तापवतात त्याच सवयीने, गॅसवर ठेवून चांगली उकळी आणली होती. त्यांचा हेतू शंभर टक्के चांगला होता. त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते. आईचे दूध ठेवले की असेच दिसते. डबी कोमट पाण्याच्या वाटीत ठेवावी, हलकेच गोल फिरवली की साय मिसळते. उकळल्याने किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवल्याने त्यातील रोगप्रतिकारक घटक नष्ट होतात. शिवाय मायक्रोवेव्हमध्ये ते कुठे गार तर कुठे चटका बसेल इतके गरम राहते.

बाळ बाटली घेत नाही याची तुम्हाला काळजी वाटते. मला मात्र त्याचा आनंद झाला. बाटलीतून दूध आपोआप गळत राहते आणि त्या सोप्या धारेची सवय लागली की काही बाळे अंगावर ओढायला कंटाळतात. तुमच्या सासूबाईंनी बोंडले, म्हणजे बाळाला दूध पाजायचे चोचीचे छोटे भांडे, नक्कीच पाहिले असेल, कदाचित माळ्यावर एखादे चांदीचे किंवा पितळेचे पडलेही असेल. रोजच्या वापराला स्टीलचे घ्यावे, कारण ते उकळून स्वच्छ करता येते. लहान वाटी आणि चमचाही चालतो. बाळाला मांडीवर जवळजवळ बसते धरावे, वाटीची कड खालच्या ओठाला टेकवावी आणि दूध ओठाला लागेल इतकीच ती कलती करावी. दूध घशात ओतायचे नाही, बाळाला ते जिभेने ओढून घेऊ द्यायचे. पहिले तीन-चार दिवस अर्धे दूध लाळेऱ्यावर सांडेल. हा सराव रुजू होण्याच्या दहा-बारा दिवस आधी सुरू करावा, बाळ फार भुकेले नसताना करावा, आणि तुम्ही त्या वेळी घरात नसावे. तुम्ही शेजारच्या खोलीत असलात तरी बाळाला वास येतो आणि मग ते वाटी कशाला घेईल?

कार्यालयात तुम्हाला तीन वेळा दूध काढावे लागेल, साधारण अकरा, दोन आणि पाच वाजता, दर वेळी पंधरा ते वीस मिनिटे. दूध बर्फाच्या पाकिटांसह जाड अस्तराच्या डब्याच्या पिशवीत ठेवले तर संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलनेही सुरक्षित घरी येते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीव्यतिरिक्त पाजण्यासाठी कामाच्या वेळात रोज दोन विराम मिळण्याचा हक्क दिला, आणि २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांच्या रजेसोबत ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता येते. २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी ठेवल्या आहेत. कायद्याचे शब्द पाजण्याविषयी आहेत. बाळ दूर असेल तर तोच वेळ दूध काढण्यासाठी मागावा. मागणी तोंडी करू नये, रुजू होण्याआधी मनुष्यबळ विभागाला ईमेल पाठवावा आणि त्यात आतून कडी लागणारी खोली, एक खुर्ची, विजेचा प्लग व फ्रिजमध्ये थोडी जागा एवढेच मागावे. स्वच्छतागृहात दूध काढण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मान्य करू नये. तेथे कोणी आपला डबा उघडून जेवत नाही. महाराष्ट्रात एसटी स्थानके आणि सरकारी कार्यालयांतील अशा खोल्यांना हिरकणी कक्ष म्हणतात. नाव सुरेख आहे, मात्र गडाचे दरवाजे बंद झाले होते म्हणून हिरकणीला कडा उतरावा लागला, एवढे ते नाव देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आता रात्रीविषयी. तुमचा थकवा खरा आहे आणि ‘आई म्हटले की जागरण आलेच’ असे सांगून मी तो उडवून लावणार नाही. परंतु थकवा येतो तो किती वेळा उठलात यापेक्षा सलग किती झोपलात यावर अधिक अवलंबून असतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून रात्रीचा पहिला तुकडा राखून ठेवा. बाळाला साडेआठ-नऊच्या सुमारास मंद उजेडात पाजून झोपवावे आणि तुम्हीही साडेनऊला अंथरुणावर असावे. भांडी, उद्याचा डबा, फोन हे त्या घरातील दुसऱ्या प्रौढ माणसाचे काम. त्यानंतर साडेबारा-एकपर्यंत बाळ कुरकुरले तर यजमानांनी उठायचे. उचलण्याची घाई न करता आधी छातीवर हात ठेवून थोपटावे, मग खांद्यावर घेऊन फिरवावे, एखादी अंगाई गुणगुणावी. नऊला पोटभर प्यायलेले बाळ साडेदहाला उठले तर ते भुकेने उठले असण्याची शक्यता कमी असते. पहिल्या चार-पाच रात्री रडारड होईल. बाळ बाबाच्या कडेवर आहे, एकटे सोडलेले नाही, हे लक्षात ठेवावे. तरीही ते शांत झाले नाही तर पाजावे. एकनंतर मात्र उठेल तेव्हा दिवा न लावता, कुशीवर पडूनच पाजावे. एक, साडेतीन आणि साडेपाच अशी तीन पाजणी राहिली तर ती मोडण्याच्या मागे लागू नये. त्यांतूनच तुमची दिवसाची तूट भरून निघणार आहे.

किंबहुना रुजू झाल्यावर पहिले काही आठवडे बाळ दिवसा कमी पिईल आणि रात्री जास्त मागेल. आजी फोनवर सांगतील, ‘आज फक्त दीडशेच प्यायला.’ घाबरू नये. चोवीस तासांचा एकत्र हिशेब पाहावा.

कुशीवर पाजताना डोळा लागतोच, म्हणून जागा आधीच सुरक्षित करून ठेवावी. गादी घट्ट हवी, आणि जमिनीवर घातलेली सर्वांत बरी. बाळाला पाठीवर निजवावे. जवळ उशी, जाड दुलई काही नसावे, डोक्याला आकार यावा म्हणून वापरतात ती मोहरीची उशीसुद्धा नको. घरात कोणी सिगारेट ओढत असेल, कोणी मद्य किंवा झोपेचे औषध घेतले असेल, किंवा बाळ दिवसांआधी जन्मलेले अथवा कमी वजनाचे असेल तर एका अंथरुणात झोपवू नये, शेजारी वेगळी गादी घालावी. सोफ्यावर बाळाला घेऊन झोपणे सर्वांत धोक्याचे.

झोप लागावी म्हणून गुटीत जायफळाचे वळसे वाढवणे किंवा सर्दीचे औषध पाजणे हे दोन्ही टाळावे. गिरणगावात शंभर वर्षांपूर्वी कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची गोळी चाटवून झोपवत असत, कारण दुसरा मार्गच नव्हता. मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा आला तोच मुळी १९२९ मध्ये. आपल्यापुढे आज इतर मार्ग आहेत.

वरचे दूध कधीच देऊ नये असे मी म्हणत नाही. वजन थांबले, तुम्ही आजारी पडलात किंवा दिवसाचे दूध खरोखरच कमी पडू लागले, तर बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने, डब्यावरील प्रमाण तंतोतंत पाळून, दिवसाच्या एखाद्या वेळी ते द्यावे आणि रात्रीचे पाजणे चालू ठेवावे. गायीचे किंवा पिशवीचे दूध मात्र वर्षाआधी पाजू नये. तुमच्या रजेनंतर काही दिवसांतच बाळाला सहा महिने पूर्ण होतील, तेव्हा मऊ भात-वरण, नाचणीचे सत्त्व, मॅश केलेली फळे सुरू होतील आणि दुपारचा ताण थोडा हलका होईल. अळिवाचे आणि डिंकाचे लाडू जरूर खावेत, तुम्हाला या काळात रोज ५०० ते ६०० कॅलरी जास्त लागतात. पण स्तन रिकामे होत नसतील तर कोणत्याही लाडवाने दूध वाढत नाही.

दोन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. फक्त अंगावर पाजत असताना पहिले सहा महिने पाळी न येता गर्भधारणेपासून जे नैसर्गिक संरक्षण मिळते, त्यावर दिवसाचे अंतर वाढल्यावर भरवसा ठेवता येत नाही. रुजू होण्याआधीच गर्भनिरोधकाविषयी डॉक्टरांशी बोलावे. आणि बाळ झोपलेले असतानाही तुम्हाला झोप लागत नसेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास, रिकामे वाटत असेल, तर तो केवळ थकवा नव्हे. स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगावे, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीत बोलता येते. स्तनावर लाल, गरम, दुखरी गाठ येऊन ताप भरला तर त्याच दिवशी दाखवावे आणि त्या बाजूने पाजणे थांबवू नये.

शक्य असेल तर सोमवारऐवजी गुरुवारी रुजू व्हा. दोन दिवसांनी लगेच सुट्टी येते, काय चुकले ते लक्षात येते आणि शनिवार-रविवार बाळ हवे तितके अंगावर पिते. शेवटची सूचना सासूबाईंसाठी: संध्याकाळी सहानंतर बाळाला पोटभर दूध देऊ नये. तुम्ही भरल्या छातीने धावत घरी यायचे आणि बाळ नुकतेच पिऊन झोपलेले असायचे, यासारखी हळहळ दुसरी नाही. फार रडले तर वीस-तीस मिली द्यावे, गॅलरीत नेऊन रमवावे. आणि गाडी उशिरा धावत असेल तर तुम्ही मुलुंडवरून तसा फोन करावा.